लोटनची मूठ

धरणगावच्या आमच्या शाळेत दर वर्षी जानेवारीत कर्मचाऱ्यांचा ग्रुप फोटो निघायचा. माझ्याकडे असे अकरा फोटो आहेत. पुढच्या रांगेत मधोमध हेडमास्तर, दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबलेले, जणू कोणी त्या पळवून नेणार आहे. मागच्या रांगेत मी; तेव्हा मला केस होते. आणि डाव्या टोकाला, अकराच्या अकरा फोटोंत, माणसाच्या उंचीचा एक धूसर पट्टा. टोपी कुठे संपते आणि कान कुठे सुरू होतो ते कळत नाही. नवीन माणूस फोटो पाहताना हमखास विचारतो, "इथे पाणी सांडलं का?"

"नाही," मी म्हणतो, "तो सुपडूभाऊ."

सुपडूभाऊ आमचा शिपाई. त्याला उभं राहता येत नसे. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालायचा तेवढ्या वेळात हा टाचा उचलून दोनदा खाली आपटायचा. एका वर्षी हेडमास्तरांनी मला त्याचा शर्ट मागून धरून ठेवायला लावलं. त्या फोटोत मीही थोडा पुसट आहे.

तो सगळीकडे धावत जायचा. घंटा द्यायला धावत, हजेरीपट आणायला धावत, चहा सांगायला धावत आणि चहा घेऊनही धावत; कपात उरलेल्या चहावरून तो किती लांबून आला ते ओळखता यायचं. चपला पायात नसत, काखेत असत. "झिजतीन ना, गुर्जी," तो म्हणायचा. तुमच्याशी बोलतानाही त्याचे पाय जागच्या जागी चालू असत. साहेब लोकांना तो उतावीळ वाटायचा. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला दयाळूपणे सांगितलं, "अहो, लघवीला जायचं असेल तर जाऊन या."

या धावण्याला कारण होतं आणि ते त्याच्या नावातच होतं. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली. चौथ्या वेळी त्याच्या मायने पाळणा बांधलाच नाही. पोर जन्मलं तसं सुपात घालून अंगणात सरकवलं, सुईणीने ते ओंजळभर ज्वारीवर विकत घेतलं आणि पुन्हा मायला देऊन टाकलं. मृत्यू आला तर त्याला वाटावं, हे या घरचं नाहीच. म्हणून नाव सुपडू. दोन वर्षांनी दुसरा झाला, त्याला मातीत लोळवलं, म्हणून तो लोटन. आमच्याकडे अशी नावं गल्लोगल्ली आहेत, त्यामागची भीती लोक विसरून गेलेत. सुपडूभाऊ विसरला नव्हता. आपल्याला अजून कोणीतरी शोधतंय अशी त्याची पक्की समजूत होती.

"उभा ऱ्हायना का सापडना," तो म्हणायचा. थांबलेला माणूस सापडतो, एवढाच अर्थ. हसत म्हणायचा, पण पाय थांबवून कधी म्हणाला नाही.

एका मार्चमध्ये परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट आणायला त्याला अमळनेरला पाठवलं. परतीची एसटी बंद पडली, गाडी निघून गेली होती. पाकीट पाठीला बांधून हा रुळाच्या कडेने धावत निघाला. पेपर अकराचा. आम्ही फाटकात उभे, हेडमास्तरांचं रामनाम चालू. अकराला पाच कमी असताना रुळाकडून एक टोपी वर-खाली होताना दिसली. हा आला, पाकीट टेबलावर ठेवलं, घंटा दिली, आणि मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "गुर्जी, सील ओलं झालं घामानं. चाली का?"

आता लोटनचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

लोटन एकोणिसाव्या वर्षी सुरतेला मिलमध्ये गेला. दोन दिवाळ्या आला, तिसऱ्या दिवाळीला पत्र आलं, मग पत्रही बंद झालं. मी सांगतोय त्या काळी त्याला सतरा वर्षं झाली होती. सुपडूभाऊ दोनदा सुरतेला जाऊन आला, खोल्या-खोल्यांतून विचारून आला. काही नाही. माय मात्र ठाम. शाळेच्या मागच्या बाजूला शिपायाला दिलेली एक खोली होती, तिथे ही दोघं राहायची. भिंतीला लोटनची थाळी टेकवून ठेवलेली असायची, रोज घासलेली. सुपडूला मुली सांगून आल्या, तर माय म्हणाली, "लोटनले येऊ दे, दोन्हीसनं संगेच उरकसू." असं करता करता सुपडूभाऊ चाळिशी ओलांडून गेला. दोन भावांचं एकच लग्न, आणि तेही थाळीसारखं भिंतीला टेकवलेलं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. ज्यांच्या घरी बसते त्यांचे रोट असतात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने माणशी सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि त्या दळणाचं जे जे होईल ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला घास द्यायचा नाही. उरवायचं नाही, टाकायचं नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचं. मी त्यांचा शेजारी, पंधरा पावलांवर राहणारा. गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा आणि तुपाचा वास माझ्या उशीपर्यंत यायचा. पण मी बाहेरचा. अकरा वर्षांत मला एक कण मिळाला नाही, हे मी शुद्ध मत्सराने नोंदवतो.

माय दर वर्षी दोन पुरुषांची मूठ घ्यायची. पहिली लोटनची.

"मन्हा लोटन जित्ता शे," ती म्हणायची. "जित्ता मानूसनी मूठ चुकाडानी नही."

मूठ मायची होती आणि मायची मूठ मोठी होती. ते सगळं खाणार कोण? भाऊबंदकीतली दोन घरं होती, पण जुन्या भांडणाने ती येत नसत. म्हणजे सुपडूभाऊच. मी उंबऱ्याबाहेर बसून पाहिलं आहे: आपला वाटा संपवून हा लोटनची थाळी पुढे ओढायचा, चार घास खायचा, उठून अंगणात फेऱ्या मारायचा, पुन्हा बसायचा. डोळ्यांत पाणी यायचं. माय समोर बसून घास मोजायची. शेवटचा घास गेला की तिचा चेहरा असा उजळायचा, जणू लोटनच जेवून उठला. सुपडूभाऊ पोट धरून माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "गुर्जी, भाऊ लई जेवस मन्हा."

तर अशा या माणसाला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यात अनफिट ठरवलं.

संस्थेने सगळ्या शिपायांची तपासणी करून घेतली. जळगावच्या डॉक्टरांनी याच्या छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा लावली. हृदयात आवाज आहे, म्हणाले. कागदावर लिहिलं, श्रमाच्या कामास अपात्र. हेडमास्तरांनी त्याला बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत दुसऱ्या डॉक्टरचा चांगला दाखला आण, नाहीतर नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे खोली गेली. आणि खोली गेली तर लोटन परत येईल तो कुठे येईल? मायला ठाऊक होता तो हा एकच पत्ता, आणि लोटनलाही.

सुपडूभाऊ त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. पाय चालूच होते, पण आवाज बसला होता. "गुर्जी, घंटा द्याले किती जोर लागस?" एवढंच विचारलं त्याने.

शिरपूरला माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर झाला होता. दोन वर्षं परदेशात राहून आला होता आणि तिथून एक खूळ घेऊन आला होता. तिकडे म्हणे माणसं पावसाच्या घनदाट जंगलातून पाच-पाच, सहा-सहा दिवस धावतात, पाठीवर आपापलं खाणं घेऊन. याने ठरवलं, सातपुड्यात तसं करायचं. शिरपूरच्या वरच्या एका पाड्यापासून निघायचं आणि पूर्वेकडे जंगलातूनच यावलच्या बाजूला एका विश्रामगृहाशी पोहोचायचं. भर श्रावणात, पाच दिवसांत. नऊ माणसंही जमवली होती त्याने. मी सुपडूभाऊला त्याच्यापुढे उभा केला. म्हणजे उभा केला असं आपलं म्हणायचं.

डॉक्टरने नळी लावून ऐकलं आणि म्हणाला, "सर, आवाज तर आहे. नुसतं ऐकून मी फिट लिहू शकत नाही."

"मग कसं लिहिशील?"

"हा पाच दिवसांत पोहोचला तर लिहीन. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला मला कोणाची भीती नाही."

मी पुष्कळ विरोध केला. छातीत आवाज असलेल्या माणसाने पाच दिवस जंगलात धावायचं, कशासाठी, तर तो घंटा वाजवू शकतो हे सिद्ध करण्यासाठी. मी हे दोघांनाही समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बरोबर आहे सर. सुपडूभाऊ म्हणाला, कधी निघायचं?

रविवारी कानबाई बसली, सोमवारी विसर्जन झालं आणि मंगळवारी पहाटे धाव. म्हणजे रोट संपायच्या आतच. मायने उरलेल्या सगळ्या पिठाच्या तेल-गूळ घालून दशम्या केल्या आणि दोन फडक्यांत बांधल्या. पांढऱ्यात सुपडूच्या, लाल काठाच्यात लोटनच्या.

"लोटनन्या दशम्या कोनले दिजो नको," तिने मला साक्षीला ठेवून बजावलं. "तूच खाजो. चूर बी टाकजो नको."

मला डॉक्टरने शिधा वाटायच्या जीपवर नेमलं. दुसऱ्या दिवसाच्या मुक्कामाला शेव, चुरमुरे, गूळ आणि केळी पोहोचवायची होती. आता माझी कबुली ऐका. वाटेत एका नाल्याला पूर आला आणि जीप अलीकडेच अडकली. ड्रायव्हर आणि मी दोन दिवस नाल्याकडे बघत बसलो. पाणी उतरेना आणि केळी पिकत चालली. पिकलेली केळी टाकवत नाहीत. आम्ही ती खाल्ली, मग बाकीचंही. आम्ही केळी खात होतो तेव्हा डोंगरापलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर दोन तोंडांनी कळलं आणि तेव्हापासून मी केळं खाताना थोडा चावून चावून खातो.

पहिलं तोंड सुपडूभाऊचं, दुसरं युसूफचं. हा धुळ्याचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. सुपडूभाऊच्याच वयाचा, सडसडीत, आणि बोलका म्हणजे किती, तर धावतानाही बोलायचा. डॉक्टरने जोड्या लावल्या त्यात या दोघांची जोडी पडली. एकाचे पाय थांबत नव्हते, एकाचं तोंड. युसूफने आपलं सगळं खाणं पहिल्याच दिवशी खाऊन टाकलं. ओझं पाठीवर ठेवण्यापेक्षा पोटात ठेवावं, असं त्याचं शास्त्र होतं. पुढे जीप भेटणारच होती.

डॉक्टरने वाटेतल्या सागांवर चुन्याच्या खुणा केल्या होत्या. परदेशात काय करतात कोण जाणे, सातपुड्याच्या पावसाने त्या एका रात्रीत धुऊन नेल्या. श्रावणातला सातपुडा उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला ओळखू येत नाही. सुपाएवढी सागाची पानं, त्यांवर पाऊस पडला की पत्र्याच्या छपराखाली बसल्यासारखं. शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. खाली बांबू, वेली, गुडघाभर चिखल. दुपारीही हिरवा अंधार. बाकीचे आठ जण घाबरून पाड्यांकडे उतरले आणि तिथून एसटीने घरी गेले. या दोघांना उतरायची वाटच सापडली नाही, आणि सुपडूभाऊला उतरायचंही नव्हतं. जीप भेटायची त्या जागी दोघं बरोबर पोहोचले. तिथे जीप नव्हती.

तिसऱ्या दिवशी अनेर नदीच्या वरच्या अंगाला एक ओढा ओलांडताना युसूफ घसरला. पाय मुरगळला, पाण्यात भिजून ताप भरला. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला दोघं बसले. दीड दिवस युसूफच्या पोटात काही नव्हतं. सुपडूभाऊने आपल्या दशम्या अर्ध्या-अर्ध्या करून त्याला कधीच दिल्या असत्या, पण त्याही रोटाच्याच, आणि त्याने त्या तोंड फिरवून, लाजेने, चालता चालता संपवल्या होत्या. उरली ती लाल काठाची पुरचुंडी. आठ दशम्या.

युसूफ थरथरत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "भाऊ, त्या पिशवीमा काय शे?"

"कपडा."

"कपडाले गूळना वास येस का?"

सुपडूभाऊने मग सगळं सांगितलं. कानबाई, मूठ, लोटन, माय. भाऊबंदकीबाहेर जात नाही. युसूफ म्हणाला, ठीक आहे, आणि खडकाला टेकून डोळे मिटले. मग सुपडूभाऊने त्याला खांद्याला धरून उठवून पाहिलं, उठेना. एकट्याने पुढे जायचं तर पाच दिवसांत पोहोचता येत होतं. नोकरी वाचत होती, खोली वाचत होती. दुसऱ्या कोणाला शोधून मदत आणावी, तर त्या पावसात कोणता पाडा कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तो जायला निघाला, वीस पावलं गेला आणि परत आला. पुन्हा गेला, परत आला. असं किती वेळा केलं ते त्याला सांगता येत नाही. युसूफ सांगतो, सात वेळा. तापातही मोजत होता.

शेवटी युसूफच म्हणाला, "तुन्हा भाऊ कथा शे?"

"सुरतले."

"मंग तो आठे येईसन खाई का आते?"

सुपडूभाऊने पुरचुंडीची गाठ आणखी आवळली.

"मालेच लोटन म्हन. लोटन म्हन आनि दे. कानबाईले कोन सांगाले जास?"

"तुले लोटन म्हनू तं तो मरी जाई."

"आनि नही म्हना तं मी मरी जासू," युसूफ म्हणाला. "देखी ले, जवळ कोन शे ते."

इथे सुपडूभाऊ मला हे सांगत असताना थांबला. म्हणजे त्याचे पाय थांबले. अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. तो म्हणाला, गुरुजी, सतरा वर्षं मी त्याचा वाटा खात आलो. मला नेहमी वाटायचं, मी भावाचं पोट भरतोय. त्या खडकाखाली कळलं, की मेलेल्याचं खात होतो. आणि हे मला दर वर्षी शेवटच्या घासाला कळत होतं. मी उठून फेऱ्या मारायचो ते म्हणूनच.

त्याने पुरचुंडी सोडली. पण नुसती पुढे केली नाही. माणूस मोठा शिस्तीचा, घंटेचा माणूस. आधी हाक मारली.

"लोटन."

युसूफ दशमीकडे बघत राहिला.

"अशी नही. ओ दे. लोटन."

"ओ," युसूफ म्हणाला.

"जेवी ले."

युसूफने आठच्या आठ खाल्ल्या. सुपडूभाऊ समोर उकिडवा बसून त्याचे घास मोजत होता, माय मोजायची तसे. मधेच युसूफने अर्धी दशमी त्याच्याकडे सरकवली. "नही," हा म्हणाला, "लोटनना वाटा शे." आणि मग रडला. युसूफ म्हणतो, इतका मोठ्याने रडला की पाऊस पडतोय हे तो विसरला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता डॉक्टरने विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वही बंद केली. मी तोवर जीप घेऊन तिथे पोहोचलो होतो, रिकामी. सहाव्या दिवशी दुपारी पावसाची उघडीप होती तेव्हा सागांतून दोन माणसं आली. एक लंगडत, एक त्याला काखेत धरून. काखेतल्या चपलांची जागा युसूफने घेतली होती. डॉक्टरने त्यांना पायरीवर बसवलं आणि कॅमेरा काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. सुपडूभाऊ त्यात अगदी स्पष्ट आहे. डोळ्याखालचा तीळ दिसतो. मला तो फोटो आवडत नाही.

डॉक्टरने नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग प्रामाणिक माणसाप्रमाणे प्रामाणिक दाखला लिहिला: हृदयात आवाज आहे, त्या हृदयानिशी हा इसम सहा दिवस जंगलातून चालत आला, शेवटचे अडीच दिवस दुसऱ्या माणसाला आधार देत. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे पाच दिवसांची शर्यत याने सहा दिवसांत केली," ते म्हणाले. "शिपायाला उशीर करून कसं चालेल?" मी त्यांच्याशी भांडलो. पुढच्या ग्रुप फोटोत मी उभा राहायलाच गेलो नाही. त्याने सुपडूभाऊची नोकरी वाचली नाही. फक्त त्या वर्षीच्या फोटोत कोणीच पुसट नाही.

पण त्याच्याआधी मायला सांगायचं होतं. सुपडूभाऊ सातव्या दिवशी घरी आला तो युसूफला घेऊनच. मी उंबऱ्याबाहेर माझ्या नेहमीच्या जागी. माय चुलीपाशी. तिने लाल काठाचं फडकं मागितलं, उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

"लोटनन्या दशम्या तू खाद्यात?"

सुपडूभाऊ खोटं बोलू शकला असता. मी तर मनात त्याला खुणावत होतो. तो म्हणाला, "नही. यानी खाद्यात."

माय युसूफकडे वळली. किती वेळ पाहत राहिली ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता ती छाती पिटेल. सतरा वर्षांचं सगळं आता बाहेर येईल.

"बठ्ठ्या खाद्यात?" तिने विचारलं. सगळ्या का, म्हणजे.

"बठ्ठ्या, माय."

"चूर?"

"चूर बी चाटी लिधा."

"पोट भरनं का?"

"भरनं," युसूफ म्हणाला.

तिने मान हलवली. भिंतीला टेकवलेली थाळी उचलली, पदराने पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली. मग त्यात भाकरी वाढली. लोटनचं नाव तिने त्या दिवशी घेतलं नाही. सुपडूभाऊ बाहेर आला आणि माझ्याशेजारी भिंतीला धरून राहिला. तिने ओरडायला हवं होतं, तो म्हणाला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीला खोली गेली. युसूफ धुळ्याहून टेम्पो घेऊन आला आणि माय, दोन पेट्या आणि थाळी घेऊन गेला. पुढे सुपडूभाऊ त्याच्या दुकानात गाद्या भरू लागला. गादीचा टाका घालतानाही म्हणे गादीभोवती फिरत राहायचा. श्रावणात एकदा मी धुळ्याला गेलो होतो. माय गहू मोजत होती. दृष्टी गेली होती, मूठ तेवढीच मोठी होती. दोन पुरुषांचे. मी विचारलं, "माय, दुसरी कोणाची?"

"लोटननी," ती म्हणाली, आणि दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "लोटन." आतून युसूफ म्हणाला, "ओ, माय," आणि हातातला कापूस झटकत बाहेर आला. लोक म्हणायचे म्हातारीला भ्रम झालाय. मला तसं वाटलं नाही. सुपडूभाऊ त्या वेळी माझ्याकडे बघत नव्हता. मला त्या दिवशीही रोट मिळाला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

माय गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी सुरतेत प्लेगची साथ आली. तुम्हाला आठवत असेल. गाड्या भरभरून माणसं खानदेशाकडे परतत होती. मी काही कामाने अमळनेर स्टेशनवर होतो. सुरतेकडून गाडी आली. दारात, पायरीवर, टपावर माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडाला हातरुमाल बांधलेला. कोण कोणाचा, काही ओळखू येत नव्हतं. प्लॅटफॉर्मवरची माणसं मागे सरत होती, हात लावायला घाबरत होती.

आणि एक माणूस गाडीच्या बाजूने धावत होता. काखेत चपला. टोपी वर-खाली. इंजिनापासून निघून प्रत्येक खिडकीत तोंड घालत होता, झाकलेल्या चेहऱ्यांकडे बघत होता, आणि चेहरे कळत नव्हते म्हणून हाका मारत होता.

"लोटन. लोटन शे का? धरणगावना लोटन."

मी त्याला थांबवायला पुढे झालो. छातीत आवाज असलेला पन्नाशीकडे झुकलेला माणूस, धुळ्याहून इथे येऊन, इतक्या गाड्या, रोज. पण तो माझ्या अंगावरूनच गेला. ओळखलं की नाही, माहीत नाही. डबे संपत आले होते. गार्डाने शिट्टी फुंकली. शेवटच्या डब्यापाशी तो वाकला, आत पाहिलं, आणि सगळा जीव घशात आणून ओरडला, "लोटन रे."

गाडी हलली. आणि प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाकडून, जिथे दुसरा एक माणूस लंगडत खिडक्या-खिडक्यांतून डोकावत होता, सवयीने उत्तर आलं.

"ओ."

सुपडूभाऊ गर्रकन वळला. क्षणभर त्याच्या तोंडावर जे होतं ते मी पाहिलं. मग त्याने दूरवर उभ्या असलेल्या युसूफला ओळखलं, आणि तरीही त्याच्याकडे धावत गेला.